ॲल्युमिनियमचा ब्लॉक: भंगार की दुरुस्ती?

आसनगाव स्टेशनवरून किन्हवली-डोळखांबकडे प्रवासी नेणारी गाडी असो, नाहीतर मुरबाडहून टोकावडेमार्गे माळशेज चढणारी, ती बंद पडली की घराची मिळकत थांबते. अशा वेळी इंजिन उघडण्याआधीच दोन निकाल ऐकू येतात. कोणी म्हणतो, ‘ॲल्युमिनियम आहे, भंगारात टाक.’ कोणी म्हणतो, ‘आर्गन मारून देतो, काही होत नाही.’ दोन्ही सल्ल्यांनी शहापूर-मुरबाडच्या गाडीमालकांचे पैसे बुडू शकतात. ब्लॉकचा निर्णय मोजमाप घेऊनच करायला हवा.

गैरसमज : सगळे ब्लॉक सारखेच.
वस्तुस्थिती : आधी ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीला चुंबक लावा. चिकटला तर ब्लॉक बिडाचा. ट्रॅक्टर आणि बऱ्याच डिझेल गाड्यांत तोच असतो. चिकटला नाही तर ॲल्युमिनियमचा. दोन्हींची तपासणी आणि दुरुस्ती वेगळी असते.

गैरसमज : पाणी कमी होते, म्हणजे ब्लॉक फुटला.
वस्तुस्थिती : अनेकदा दोष हेड गॅस्केटचा किंवा वाकलेल्या हेडचा असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगते, त्यामुळे घाटात इंजिन जास्त तापले की पृष्ठभाग वाकतो. सरळ पट्टी आणि फिलर गेजने तो मोजता येतो. अनेक छोट्या पेट्रोल इंजिनांत 0.05 मिमीपर्यंतचाच फरक चालतो. तो थोडा जास्त असेल तर फेसिंग करून काम भागते. चीर शोधायला प्रेशर टेस्ट किंवा रंगद्रवाची तपासणी करून घ्या. बिडावर चालणारी चुंबकीय भुकटीची पद्धत इथे कामाची नाही.

गैरसमज : ॲल्युमिनियमला वेल्डिंग धरत नाही.
वस्तुस्थिती : धरते, पण काम जाणकाराचे आहे. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते, तर त्यावरचा ऑक्साइडचा थर सुमारे 2,050 अंशांना. म्हणून एसी करंटवर आर्गन वेल्डिंग करतात आणि त्याआधी धातू घासून, तेल पूर्ण काढून स्वच्छ करतात. तेल मुरलेल्या चिरेत टाका टिकत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने ब्लॉक वाकू शकतो, त्यामुळे नंतर पुन्हा मोजमाप आणि प्रेशर टेस्ट हवीच.

गैरसमज : वेल्डिंग होते, म्हणजे कुठलाही ब्लॉक वाचतो.
वस्तुस्थिती : नुकसान कुठे आहे, यावर सगळे ठरते. पाण्याच्या जागेची बाहेरची भिंत किंवा माउंटिंगचा कान तुटला असेल तर दुरुस्ती शक्य असते. बोल्टचे आटे गेले असतील तर इन्सर्ट बसवता येतो. पण क्रँकच्या मेन बेअरिंगची बैठक, दोन सिलेंडरमधली भिंत किंवा तेलाची मुख्य वाहिनी तडकली असेल, तर त्या ब्लॉकवर खर्च करू नका.

गैरसमज : बोअर घासला की ब्लॉक बाद.
वस्तुस्थिती : अनेक ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये बिडाचे लायनर असतात. त्या इंजिनासाठी ओव्हरसाइझ पिस्टन मिळत असतील तर बोअर वाढवता येतो. काही मोटारसायकलींत लायनरऐवजी निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असतो. तिथे बहुधा सिलेंडरच बदलावा लागतो.

गैरसमज : जुना ब्लॉक आणला की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती : जुन्या ब्लॉकचेही तेच मोजमाप हवे. शिवाय इंजिन नंबर ब्लॉकवरच कोरलेला असतो आणि आरसीत नोंदलेला असतो. ब्लॉक बदलला तर आरटीओत रीतसर नोंद करा आणि विमा कंपनीला कळवा. खरेदीचे बिल जपून ठेवा.

निर्णय कसा घ्यावा?
ब्लॉक धुऊन, तपासून झाल्यावर वेल्डिंग, फेसिंग, बोअरिंग, पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट सेट आणि मजुरी यांचा हिशेब कागदावर घ्या. गाडी उभी राहील त्या दिवसांची बुडालेली कमाईही त्यात धरा. मग ती रक्कम जुन्या आणि नव्या ब्लॉकच्या एकूण खर्चाशी ताडून पाहा.

मूळ कारणही शोधा. रेडिएटर तुंबला होता का, थर्मोस्टॅट अडकला होता का, कूलंटऐवजी बोअरवेलचे पाणी भरले जात होते का? तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यानेही तडा जातो. पावसाळ्यात फरशी पुलावरच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका; सिलेंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. कारण दूर केले नाही, तर नवा ब्लॉकही त्याच वाटेने जाईल.