पाकळीत हवा, खडूतही हवा

मोगऱ्याची ताजी पाकळी दोन बोटांत धरून जोरात चुरडा. जिथे दाब पडला तिथला पांढरा रंग जातो आणि पाकळी पाणीदार, आरपार दिसू लागते. कारण तिच्यात पांढरं रंगद्रव्य नसतंच. असतात त्या पेशींमधल्या हवेच्या बारीक पोकळ्या. उजेड त्यांच्यावर आपटून चहूकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. जपानच्या डोंगरांत डायफिलिया ग्रेई नावाची वनस्पती आहे. पावसात भिजली की तिची पांढरी फुलं पारदर्शक होतात, वाळली की पुन्हा पांढरी! रंगीत फुलांतही तीच किमया. उजेड रंगातून आत जातो, पोकळ्यांवरून मागे फिरतो आणि पुन्हा एकदा रंगातून गाळला जाऊन बाहेर येतो. सकाळच्या उन्हात जास्वंद आतून पेटल्यासारखी वाटते, ती यामुळे.

आता सॉफ्ट पेस्टलची कांडी बघा. रंगद्रव्य, पांढरी भुकटी आणि कांडी हातात तुटू नये इतपत डिंक. बाकी काही नाही. (शाळेतले तेलखडू वेगळे, त्यांत मेण आणि तेल असतं.) तेलरंगात रंगाचा प्रत्येक कण तेलात बुडालेला असतो. पेस्टलचे कण मात्र खरखरीत कागदावर कोरडेच बसतात आणि त्यांच्या मधे हवा खेळती राहते. उजेड तिथेही विखुरतो. म्हणजे फूल ज्या युक्तीने उजळतं, जवळजवळ त्याच युक्तीने त्याचं चित्रही उजळतं. फुलांसाठी याहून योग्य माध्यम मला तरी ठाऊक नाही.

आणि म्हणूनच हे चित्र मोकळ्या हाताने काढायचं. बोटाने घासून रंग गुळगुळीत करण्याचा मोह फार होतो, पण घासलं की कण दाबले जातात, कागदाचे खळगे बुजतात आणि रंग मरतो. समोर ग्लासात जास्वंद ठेवा. डोळे किलकिले करा, म्हणजे शिरा आणि सुरकुत्या नाहीशा होऊन गडद-फिकट एवढेच दोन-तीन आकार उरतील. आधी फुलाच्या गळ्याजवळचा काळपट किरमिजी. मग कांडी आडवी धरून, हात न उचलता, एका पाकळीला लाल रंगाचा एकच फराटा. काही कडा मागच्या हिरव्यात हरवल्या तरी हरवू द्या. शेवटी जिथे ऊन पडलंय तिथे फिकट नारिंगीचा एक जाड ठसा, आणि थांबा. त्या ठशाला पुन्हा हात लावू नका.

फ्रान्सचा चित्रकार ओदिलाँ रदाँ (१८४०–१९१६) पन्नाशीपर्यंत मुख्यतः कोळसा आणि शिळाछाप यांच्या काळ्या-करड्या जगात रमला होता. मग तो पेस्टलकडे वळला आणि फुलांचे गुच्छच्या गुच्छ काढू लागला. १९०१चा त्याचा ‘ग्रां बुके’ हा पुष्पगुच्छ जवळपास अडीच मीटर उंच आहे, कॅनव्हासवर आणि पेस्टलमध्येच! सध्या तो तोक्योच्या मित्सुबिशी इचिगोकान संग्रहालयात आहे. त्यातली कितीतरी फुलं नावाने ओळखता येत नाहीत, तरी ती फुलंच आहेत याबद्दल शंका उरत नाही. फुलाची पाकळी न् पाकळी कोरणाऱ्यांनी हे चित्र जरूर पाहावं.

चित्र झाल्यावर फिक्सेटिव्ह (भुकटी कागदाला धरून ठेवणारा फवारा) मारायचं तर जपून. ते कणांमधल्या हवेच्या जागा भरतं आणि ओल्या मातीसारखा रंग गडद होतो. त्यापेक्षा काचेची चौकट बरी, फक्त काच चित्राला टेकू नये म्हणून मधे जाड माउंट हवा. पावसाळ्यात दमट भिंतीवर टांगू नका, बुरशी धरते. सांडलेली भुकटी फुंकू नका, ती श्वासात जाते; कागद लावलेली फळी उभी करून मागून टिचकी मारा.

सुरुवातीला डझनभर कांड्या आणि खरखरीत कागद पुरे. बसा मात्र सकाळीच, कारण देशी जास्वंद एका दिवसाची असते आणि पेस्टलला वाळण्याची वाट पाहावी लागत नाही.