आज्ञा कोठवर चालते?

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातील अशोक रस्त्यावरचा एखादा चौक विचारात घेऊ. तेथील व्यवहार समजून घेताना घड्याळापेक्षा घटनांच्या क्रमाला अधिक महत्त्व येते : वाहन आले, हिरवा दिवा लागला, वाहन चौकात शिरले, वाहन बाहेर पडले. पाण्याचे तापमान चढावे तसे येथे काहीच हळूहळू घडत नाही. घटना एक तर घडते किंवा घडत नाही. अशा व्यवस्थेस 'विविक्त घटना-प्रणाली' असे म्हणतात.

प्रत्येक घटनेस एक अक्षर दिले, तर घटनांचा प्रत्येक क्रम हा एक शब्द होतो आणि शक्य त्या सर्व शब्दांचा संच ही त्या चौकाची भाषा होय. अर्थ बाजूस ठेवून भाषेच्या केवळ रचनेचा विचार करणाऱ्या शास्त्राला 1956 साली मोठी चालना मिळाली. परिमित अवस्थांचे यंत्र कोणत्या भाषा ओळखू शकते, याविषयीचा स्टीफन क्लीनी यांचा निबंध त्या वर्षी प्रसिद्ध झाला. नोम चॉम्स्की यांनी व्याकरणांची तुलना मांडली तीही त्याच वर्षी. पुढे टोरांटो विद्यापीठातील पीटर रॅमेज व मरे वॉनम यांनी ही कल्पना नियंत्रणशास्त्रात आणली. त्यांचा प्रमुख निबंध 1987 मधील आहे.

त्यांच्या मांडणीत पर्यवेक्षक घटना घडवून आणीत नाही. तो फक्त काही घटनांना मनाई करतो. हिरवा दिवा लागू न देणे त्याच्या हाती असते. परंतु दिवा लागल्यावर वाहनाचे चौकात शिरणे किंवा तेथून बाहेर पडणे त्याला रोखता येत नाही. म्हणून इष्ट भाषा साध्य होण्यासाठी एक अट पाळावी लागते : कोणत्याही मान्य शब्दापुढे अनियंत्रित घटना घडली, तरी तयार होणारा शब्द मान्यच असला पाहिजे. ही अट पुरी होत नसेल, तर मनाई एक पाऊल आधीच करावी लागते. एका दिशेचे वाहन चौकात असताना दुसऱ्या दिशेस हिरवा दिवा देता कामा नये. दोन्ही बाजूंस काही क्षण तांबडा दिवा ठेवण्यामागील तर्क हाच होय.

सर्वच गोष्टींस मनाई केली, तर टक्कर होणार नाही. पण कोणी पुढेही सरकणार नाही. म्हणून सुरक्षिततेस बाध न आणता अधिकात अधिक मोकळीक देणारा पर्यवेक्षक शोधावयाचा असतो. परिमित अवस्थांच्या प्रणालीत असा पर्यवेक्षक गणिताने काढता येतो. अडचण आकाराची आहे : प्रत्येकी 10 अवस्थांचे 10 चौक एकत्र घेतले, की एकूण अवस्था 1,000 कोटींपर्यंत जातात. 1940 साली मुंबईत जन्मलेले प्रवीण वरैया यांनी या शास्त्रात काम केले होते. 2013 साली त्यांनी सुचविलेल्या पद्धतीत प्रत्येक चौक आपल्या आसपासच्या वाहनांच्या रांगा पाहून स्वतःचा निर्णय घेतो.

तथापि, तांबड्या दिव्यासही न जुमानणाऱ्या चालकाचा प्रवेश अनियंत्रित घटनांत समाविष्ट केला, तर वरील अट कोणत्याही दिव्याने पुरी होत नाही. तेथे फाटक हवे, नाही तर पोलीस हवा. आपली आज्ञा कोठे संपते, हे हे गणित अपघात होण्यापूर्वीच सांगून ठेवते.