शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती : बांधणी, दोरबांधणी आणि ऐतिहासिक पुरावा
(‘ट्रिंकोमाली’ या मुंबईत बांधलेल्या युद्धनौकेच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : प्रतिकृती, जहाजबांधणी, दोरबांधणी, प्रमाण, वाडिया घराणे, ट्रिंकोमाली

प्रस्तावना :
शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती ही सर्वसाधारणपणे दिवाणखान्यातील शोभेची वस्तू किंवा निवृत्तीनंतरचा छंद मानली जाते. वस्तुतः काटेकोरपणे बांधलेली प्रतिकृती हा जहाजबांधणीच्या इतिहासाचा त्रिमितीय दस्तऐवज असतो. शिडाच्या युद्धनौका आज जवळजवळ नामशेष झाल्या आहेत. त्या बांधणाऱ्या सुतारांचे आणि दोर ओढणाऱ्या खलाशांचे ज्ञान प्रामुख्याने हातांत होते. त्यातील फार थोडे कागदावर उतरले. प्रतिकृतिकार तीच कृती लहान प्रमाणात पुन्हा करतो, तेव्हा आराखड्याने न सांगितलेल्या अनेक गोष्टींची उत्तरे त्याला शोधावी लागतात. प्रस्तुत लेखात ‘ट्रिंकोमाली’ या नौकेच्या आधारे प्रतिकृतीच्या बांधणीचे टप्पे, त्यामागील कारणे आणि प्रतिकृतीचे पुरावा म्हणून असलेले मूल्य स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
जहाजांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतींची परंपरा इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून सुस्पष्ट दिसते. ‘नेव्ही बोर्ड मॉडेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिकृती बहुधा १:४८ या प्रमाणात, म्हणजे एका फुटास पाव इंच या हिशेबाने केल्या जात. त्यांच्या तळाकडील भागावर फळ्या न लावता सांगाडा उघडा ठेवण्याची पद्धत होती. नेपोलियनकालीन युद्धांत इंग्लंडमध्ये बंदिवान असलेल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातून उरलेल्या हाडांपासून केलेल्या प्रतिकृतीही प्रसिद्ध आहेत. त्यांत कारागिरी असामान्य असली, तरी प्रमाणबद्धता अनेकदा सैल आहे. सुंदर प्रतिकृती आणि विश्वसनीय प्रतिकृती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून लक्षात येते.

‘ट्रिंकोमाली’ : आराखडा आणि बांधणी :
लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. याच घराण्यातील जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ‘ट्रिंकोमाली’ बांधली गेली. ब्रिटनमध्ये ओक लाकडाची टंचाई असल्याने १८१२ मध्ये ही नौका सागवानात बांधण्याचा आदेश निघाला. मात्र तिचे आराखडे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेने जिंकले. आराखड्यांची दुसरी प्रत पाठवावी लागली. प्रत्यक्ष काम १८१६ मध्ये सुरू होऊन १२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौकेचे जलावतरण झाले. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली असून तरंगत्या अवस्थेतील सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून ओळखली जाते.

हा वृत्तान्त प्रतिकृतिकाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मुंबईच्या कसबी सुतारांजवळ लाकूड होते, हत्यारे होती, अनुभव होता. पण या विशिष्ट नौकेची आकाररेषा कागदावरच होती. उलटपक्षी, ती आकाररेषा लाकडात कशी वळवावी हे कागदावर नव्हते. ते सुतारांच्या हातांत होते. कागद आणि हात यांतील हे अंतर प्रतिकृतिकारासही पार करावे लागते.

कालखंडाची आणि प्रमाणाची निवड :
प्रतिकृतीचा पहिला निर्णय लाकडाचा नसून सालाचा असतो. ‘ट्रिंकोमाली’ ही मूळची ३८ तोफांच्या वर्गातील फ्रिगेट. १८४५ मध्ये तिच्या तोफा कमी करून अधिक मोठ्या माऱ्याच्या तोफा बसविण्यात आल्या, पिछाडीचा आकार बदलण्यात आला आणि तिचे वर्गीकरण कॉर्व्हेट असे झाले. पुढे ती सराव-नौका झाली. १८९७ नंतर ‘फूद्रॉयाँ’ या नावाने प्रशिक्षणासाठी वापरली गेली. १९९० च्या दशकात तिचा जीर्णोद्धार हाती घेऊन मूळ नाव परत देण्यात आले. त्यामुळे ‘ट्रिंकोमालीची प्रतिकृती’ एवढे म्हणणे अपुरे ठरते. १८१७ ची पिछाडी आणि १८४७ च्या तोफा एकाच प्रतिकृतीत आल्यास, कधीही अस्तित्वात नसलेले जहाज निर्माण होते. प्रत्येक तपशील एका निश्चित वर्षाशी सुसंगत असणे, ही प्रामाणिक प्रतिकृतीची पहिली अट होय.

दुसरा निर्णय प्रमाणाचा. या नौकेच्या तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट आणि रुंदी सुमारे ४० फूट आहे. १:४८ प्रमाणात डेकची लांबी सुमारे ९५ सेंटिमीटर, १:६४ मध्ये सुमारे ७१ सेंटिमीटर, तर १:९६ मध्ये सुमारे ४८ सेंटिमीटर भरते. पुढे झेपावणारी काठी धरता एकूण लांबी याहून बरीच वाढते. १:६४ प्रमाणात साडेपाच फुटी खलाशी अवघा २६ मिलिमीटरचा होतो. या खलाशाच्या हातात मावणार नाही असा दोर किंवा त्याला चढता येणार नाही अशी शिडी प्रतिकृतीत दिसली, तर प्रमाण चुकले असे खुशाल समजावे.

सांगाडा आणि फळ्या :
आराखड्यात तीन दृश्ये असतात : बाजूचे, वरून दिसणारे अर्ध्या रुंदीचे आणि समोरून-मागून दिसणारे आडव्या छेदांचे. कोकणातील होडीबांधणीत ज्याला पठाण म्हणतात, तो तळाचा कणा प्रथम तयार केला जातो. त्यावर दोन पद्धतींनी सांगाडा उभारता येतो. पहिल्या पद्धतीत खऱ्या जहाजाप्रमाणे प्रत्येक वांक, म्हणजे बरगडी, तुकडे जोडून घडविली जाते. दुसरीत ठरावीक अंतरावर प्लायवुडचे आडवे छेद बसवून त्यांवर फळ्या लावतात. दुसरी पद्धत सोपी असल्याने तयार संचांमध्ये बहुधा तीच आढळते.

कोणतीही पद्धत असो, फळ्या लावण्यापूर्वी सर्व छेदांच्या कडा तासून एका अखंड वक्रात आणाव्या लागतात. एक पातळ पट्टी पुढून मागे टेकवून पाहिल्यास ती प्रत्येक छेदाला स्पर्श करते की नाही हे कळते. या टप्प्यावर राहिलेला उंचवटा पुढे दोन थर फळ्यांखालूनही डोके वर काढतो.

फळ्यांचे गणित उदाहरणाने स्पष्ट होईल. जहाजाच्या मध्यभागी कण्यापासून कठड्यापर्यंतचा वळसा १६० मिलिमीटर आणि नाळेजवळ तो ९६ मिलिमीटर आहे असे मानू. मध्यभागी ५ मिलिमीटर रुंदीच्या ३२ फळ्या लागतील. त्याच ३२ फळ्या नाळेपर्यंत न्यायच्या, तर तेथे प्रत्येकीची रुंदी ३ मिलिमीटर हवी. म्हणजेच प्रत्येक फळी स्वतंत्रपणे निमुळती करावी लागते. निमुळती न करता दडपून बसविलेली फळी कडेवर उभी राहते आणि शेजारणीवर चढते. रुंदी निम्म्याहून कमी होऊ लागल्यास दोन फळ्यांऐवजी एकच पुढे नेतात. पिछाडीकडे वळसा वाढल्यास पाचरीसारखी जादा फळी घालतात. फळी वाकविण्यासाठी ती भिजवून उष्णता दिली जाते. खरी फळी साधारण २४ फुटांची मानल्यास १:६४ प्रमाणात ती ११ सेंटिमीटरच्या आसपास येते. म्हणून नाळेपासून पिछाडीपर्यंत गेलेली अखंड पट्टी दिसावयास नीटस असली तरी असत्य असते. सांधे दाखवावेत, आणि शेजारच्या फळ्यांचे सांधे एकाच बरगडीवर येऊ देऊ नयेत. कारण खऱ्या जहाजात तेथेच कमजोरी निर्माण झाली असती.

लाकडाची निवड :
येथे एक विरोधाभास उद्भवतो. ‘ट्रिंकोमाली’ सागवानाची, परंतु तिची उत्तम प्रतिकृती सागवानात होत नाही. सागाचा रेषा आणि छिद्रे डोळ्यांना सहज दिसतात. मूळ जहाजावर ती योग्य वाटतात. १:६४ प्रमाणात मात्र तीच छिद्रे बोटभर रुंद भेगांसारखी भासतात. लाकडाचा पोत प्रमाणात लहान होत नाही. म्हणून नासपती, बॉक्सवुड यांसारखी घट्ट व बारीक पोताची लाकडे पसंत केली जातात. आपल्याकडील हेदूचे पिवळसर, एकसारख्या पोताचे लाकूडही या दृष्टीने विचारार्ह आहे. मूळ द्रव्याशी निष्ठा ठेवावी की मूळ रूपाशी, असा हा प्रश्न असून प्रतिकृतिकार बहुधा रूपाच्या बाजूने कौल देतो.

डोलकाठ्या आणि दोरबांधणी :
रिगिंग, म्हणजे दोरबांधणी, हा प्रतिकृतीचा सर्वाधिक संयमाचा भाग. प्रेक्षकास दोरांचे जाळे गुंतागुंतीचे वाटते. परंतु त्यातील एकही दोर निष्कारण नसतो. दोरांचे दोन वर्ग पडतात. डोलकाठ्यांना जागी धरून ठेवणारे ते स्थिर दोर. आडव्या काठ्या व शिडे हलविणारे ते चल दोर. स्थिर दोर पावसापाण्यापासून रक्षणासाठी डांबराने माखलेले असल्याने काळपट, तर चल दोर कप्प्यांतून सरकावे लागत असल्याने फिकट दाखवितात. रंगातील हा भेद सजावटीचा नसून कार्याचा आहे.

स्थिर दोरांत दोन्ही बाजूंचे ‘श्राउड’ आणि पुढे ताणलेले ‘स्टे’ हे प्रमुख होत. श्राउडच्या खालच्या टोकाला ‘डेडआय’ ही तीन भोकांची गोल लाकडी चकती असते. तशीच चकती जहाजाच्या कुशीला बसवून दोहोंतून बारीक दोर ओवला जातो आणि तो ओढून ताण कमी-अधिक करता येतो. श्राउडच्या जोड्या डोलकाठीवर ठरावीक क्रमाने चढवितात : प्रथम उजवीकडील सर्वांत पुढची, मग डावीकडील पुढची, असे आलटूनपालटून. यामुळे काठी एका बाजूस ओढली जात नाही. स्टे त्यांच्या नंतर, वरून येतात. क्रम चुकल्यास दोर एकमेकांखाली अडकतात आणि झिजलेला दोर बदलणे खलाशाला अशक्य झाले असते. श्राउडवर आडव्या बांधलेल्या ‘रॅटलाइन’ या चढण्याच्या पायऱ्या. त्यांतील अंतर सुमारे १३ इंच धरल्यास १:६४ प्रमाणात ते ५ मिलिमीटर येते आणि प्रत्येक छेदावर गाठ मारावी लागते.

दोरांच्या जाडीबाबत एक चूक वारंवार आढळते. जुन्या कोष्टकांत दोराचे माप व्यासाने नव्हे, तर परिघाने दिलेले असते. नऊ इंची दोर म्हणजे नऊ इंच परिघाचा. त्याचा व्यास सुमारे ७३ मिलिमीटर आणि १:६४ प्रमाणात १.१ मिलिमीटर. परिघ हाच व्यास मानल्यास दोर तिपटीहून अधिक जाड होतो आणि सारी प्रतिकृती बोजड दिसते. बाजारी दोऱ्यात पुरेशा जाड्या मिळत नसल्याने अनेक प्रतिकृतिकार लहान यंत्रावर तीन पेडांचा दोर स्वतः वळतात.

चल दोर सर्वांत शेवटी ओवले जातात. सर्वसाधारण नियम असा की काम आतून बाहेर आणि खालून वर न्यावे. श्राउड लागल्यानंतर डेकच्या मध्यभागी बोट पोहोचत नाही. चिमट्याचाच आधार उरतो. म्हणून डोलकाठीच्या पायथ्याशी बांधावयाचे दोर आधीच बांधून मोकळी टोके सोडून ठेवावी लागतात. ताणाबाबतही विवेक हवा : एक स्टे अधिक ओढला की डोलकाठी पुढे झुकते आणि आधी बांधलेले मागचे दोर ताणाने कडक व पुढचे सैल होतात.

जतन :
सुती व तागाचे दोर दमट हवेत आखडतात, कोरड्या हवेत सैलावतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हा परिणाम ठळकपणे जाणवतो. तद्वतच काचेची पेटी हवाबंद असणे हितावह नाही. काही लाकडे व गोंद यांतून बाहेर पडणाऱ्या आम्लयुक्त वाफा साचून शिशाच्या तोफा आणि नांगर यांची पांढरी भुकटी होऊ लागते. हवा खेळती ठेवणे हा यावरील साधा उपाय होय.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, प्रतिकृती बांधणे ही नक्कल नसून पुराव्याची चिकित्सा आहे. प्रत्येक दोराबाबत तो कोठून निघतो, कोठे बांधला जातो आणि का, या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. लेखी इतिहासात मोघम विधानाने वेळ निभावते. प्रतिकृतीत मोघम दोर बांधता येत नाही. महाविद्यालयीन स्तरावर पूर्ण जहाज नव्हे, तरी एका बाजूची अर्धप्रतिकृती किंवा एकाच डोलकाठीची दोरबांधणी इतिहास, भूमिती आणि यंत्रशास्त्र यांचा समन्वय साधणारा उपक्रम ठरू शकेल. ‘ट्रिंकोमाली’ बांधणाऱ्या गोदीतील बहुसंख्य सुतारांची नावे सर्वसामान्य इतिहासात आढळत नाहीत. त्यांनी मारलेल्या रंध्याची दिशा आणि साधलेला वक्र मात्र लाकडात शिल्लक आहे. तो वक्र पुन्हा घडवून पाहणे, हा त्यांचे ज्ञान समजून घेण्याचा एक विश्वसनीय मार्ग होय.