गाडगे महाराजांचे कीर्तन व शिक्षकाची वाणी

प्राथमिक शिक्षकाचे बहुतेक सर्व कार्य वाणीच्या द्वारे चालते. खडू, फळा, पाठ्यपुस्तक व चित्रे ही साधने महत्त्वाची असली, तरी त्यांना अर्थ प्राप्त करून देतो तो शिक्षकाचा शब्दच होय. परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत शिक्षक शेकडो वाक्ये उच्चारतो. त्यांपैकी काही त्याच दिवशी विरून जातात, तर काही विद्यार्थ्याच्या मनात जन्मभर राहतात. असे का व्हावे, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करणे अगत्याचे आहे. त्यासाठी महाराष्ट्राला सुपरिचित असलेले एक उदाहरण उपयोगी पडण्याजोगे आहे. ते म्हणजे संत गाडगे महाराजांचे कीर्तन.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांना शालेय शिक्षण लाभले नव्हते. १९०५ साली गृहत्याग केल्यापासून २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवीपर्यंत ते गावोगाव फिरत राहिले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, जवळ मातीचे गाडगे व हाती खराटा एवढाच त्यांचा संसार होता. असे असूनही त्यांच्या कीर्तनास सहस्रावधी लोक जमत, आणि त्यांच्या शब्दाखातर धर्मशाळा, वसतिगृहे व शाळा उभ्या राहिल्या. अक्षरओळख नसलेल्या या लोकशिक्षकाच्या वाणीत हे सामर्थ्य कशामुळे आले, हे पाहिले असता तीन गोष्टी विशेषेकरून लक्षात येतात.

पहिली गोष्ट अशी की, श्रोत्याने नेमके काय करावे, हे बोलण्यापूर्वीच त्यांच्या मनात निश्चित असे. कर्ज काढून लग्न वा सण करू नये, दारूला शिवू नये, देवापुढे मुका जीव मारू नये, अस्पृश्यता पाळू नये, मुलांना शाळेत घालावे, अशा मोजक्याच गोष्टी ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. घरातील भांडी विकावी लागली तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खावी, परंतु मुलाचे शिक्षण थांबवू नये, अशा आशयाचा त्यांचा उपदेश सर्वश्रुत आहे. शिक्षणाने मनुष्य कोठवर जातो, हे पटविण्यासाठी ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण श्रोत्यांपुढे ठेवीत. अशा उपदेशात संदिग्धता मुळीच नसते. घरी परतणाऱ्या माणसास उद्या काय करावयाचे, हे त्यातून स्पष्ट कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची प्रश्नपद्धती. ते निष्कर्ष आधी सांगत नसत. श्रोत्यांकडून वदवून घेत. मूर्तीला स्नान कोण घालतो, वस्त्र कोण नेसवतो, नैवेद्याजवळ आलेले कुत्रे कोण हाकलतो, अशा अर्थाचे साधे प्रश्न एकामागून एक येत व श्रोते एकमुखाने उत्तरे देत. प्रत्येक प्रश्न इतका सुलभ असे की, शेवटच्या रांगेतील मनुष्यही उत्तर देऊ शके. आणि त्या उत्तरांच्या पायऱ्या चढत तो अशा विचारापाशी पोहोचे, जो थेट सांगितला असता त्याने कदाचित मानला नसता. मधून मधून होणाऱ्या नामगजरामुळे विचार मुरण्यास अवधी मिळे. भाषा तर रोजच्या व्यवहारातील वऱ्हाडी बोली. त्यांच्या अखेरच्या काळातील मुंबई येथील एक कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले असून त्यात ही पद्धती आजही प्रत्यक्ष ऐकावयास मिळते. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणे, हे अध्यापनशास्त्रातील सूत्र येथे सजीव झालेले दिसते.

तिसरी गोष्ट आचरणाची. गावात आल्यावर ते प्रथम खराटा हाती घेऊन रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. स्वच्छतेविषयी त्यांचा शब्द उच्चारला जाई, तेव्हा झाडलेला रस्ता श्रोत्यांनी दिवसा पाहिलेला असे. त्यामुळे शब्दाला वेगळ्या पुराव्याची गरज उरत नसे.

ही तीन तत्त्वे ग्रामीण शाळेत कशी आचरावीत, हे एका नित्याच्या प्रसंगावरून स्पष्ट होईल. ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की, अनेक गावांतून आईबापांसमवेत मुलेही स्थलांतर करतात आणि हजेरीपटावरील नावे रिकामी राहू लागतात. अशा वेळी पालकसभेत ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर तासभर भाषण झाले, तर पालक माना डोलावून घरी जातात व ठरल्या दिवशी मुलासह गाव सोडतात. त्याऐवजी शिक्षकाने एकेका कुटुंबास स्वतंत्रपणे विचारावे: मूल मागे राहिले तर ते कोणाजवळ राहील? आजीजवळ राहणे शक्य आहे काय? त्याच्या जेवणाची व रात्रीची व्यवस्था कशी होईल? हंगामी वसतिगृहाची सोय असल्यास तेथे नाव कोणत्या दिवशी नोंदवावे? उत्तरे पालकांच्याच तोंडून यावीत. मूल नेणे अटळच असेल, तर कोणत्या गावी जाणार हे विचारून तेथील शाळेत त्याचा प्रवेश व्हावा, अशी तजवीज करावी. पालकाने स्वमुखाने दिलेला शब्द, शिक्षकाच्या भाषणापेक्षा अधिक काळ टिकतो. आणि जो शिक्षक हे विचारण्यासाठी सायंकाळी वस्तीवर चालत गेला, त्याच्या प्रश्नाला आचरणाचेही बळ लाभते.

वर्गातही हेच लागू आहे. ‘नीट अभ्यास करा’ या वाक्यातून मुलास काहीच बोध होत नाही. ‘आज घरी आजीला पाच म्हणी विचार व उद्या त्या फळ्यावर लिही’ असे सांगितल्यास काय करावे, ते त्याला समजते, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकाने त्या म्हणी आठवणीने मागितल्या की, गुरुजींचा शब्द पोकळ नसतो, हेही समजते. पहिलीच्या वर्गात मुलाच्या घरची बोली हिणवू नये. तिचाच हात धरून त्यास प्रमाणभाषेकडे न्यावे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. टिकून राहण्याचा गुण केवळ चांगल्या शब्दांपुरता मर्यादित नाही. रागाच्या भरात उच्चारलेला ‘मठ्ठ’ हा एक शब्द, किंवा जातीवरून, आईबापांच्या धंद्यावरून मारलेला टोमणा, मुलाच्या मनात तितकाच खोल रुततो. आणि शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या बाबतीत त्याचे कारण असा एखादा शब्द असू शकतो. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई आहे. तथापि कायद्याच्या धाकापेक्षा, आपण उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही, ही जाणीव शिक्षकास अधिक सावध ठेवील.

शिक्षकांनी आठवड्यातून एक दिवस एवढे करून पाहावे. पाठ सुरू करण्यापूर्वी, आजच्या बोलण्यातून मुलाने कोणती एक गोष्ट करावी, हे टाचणवहीत एका ओळीत लिहावे. त्या गोष्टीपर्यंत नेणारे चार सोपे प्रश्न योजावेत. ती गोष्ट स्वतः करून दाखवावी, आणि आठ दिवसांनी वर्गात तिचा मागोवा घ्यावा. शब्द थोडे लागतील. पण जे उच्चारले जातील, ते मुलांबरोबर त्यांच्या घरी जातील.