पाच सरोवरांचा जिना

उत्तर अमेरिकेचा नकाशा उघडा. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेच्या परिसरात पाच सरोवरे दिसतील. नकाशात ती एका पातळीत वाटतात, पण तो आहे जिना! सुपीरियरचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे १८३ मीटर उंच, मिशिगन व ह्युरॉनचे १७६, ईरीचे १७४ आणि ऑन्टॅरिओचे अवघे ७४. मिशिगन व ह्युरॉन रुंद सामुद्रधुनीने जोडलेली, म्हणून त्यांची पातळी एकच.

ईरीनंतरच्या मोठ्या उतारावर नायगारा आहे. तेथे वीज तयार होते. जहाजे मात्र शेजारच्या वेलंड कालव्यातील, दरवाजे असलेल्या आठ हौदांतून जातात. हौदात वरचे पाणी सोडले की जहाज चढते, खाली सोडले की उतरते. पंप लागत नाही.

हा साठा हिमनद्यांनी कोरलेल्या खोलगटांत आहे. पाऊस व बर्फ दरवर्षी त्यात जेमतेम एक टक्का नवे पाणी घालतात. ते व्याज, बाकी मुद्दल.

शिकागोचे सांडपाणी पूर्वी नदीतून मिशिगनमध्ये, म्हणजे शहराच्याच पिण्याच्या पाण्यात जाई. १९०० साली कालवा खोदून नदीच उलटी वाहती केली. तेव्हापासून सरोवराचे पाणी मिसिसिपीकडेही जाते. ते किती न्यावे, याची मर्यादा अखेर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला ठरवावी लागली.