माहेरचा जिल्हा कोणता?

मैत्रिणींनो, तुमच्या आजोबांचं गाव कोणत्या जिल्ह्यात, असं कुणी विचारलं तर तुम्ही पटकन सांगाल. पण कुठला जिल्हा सांगाल? आजचा, की आजोबांच्या वेळचा? तुम्ही म्हणाल, ही काय नसती उठाठेव! मलाही तसंच वाटायचं. माझ्या धाकट्या जावेला ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर उभं राहायचं होतं, तेव्हा डोळे उघडले.

आम्ही नाचणगावच्या. पुलगावला लागूनच आमचं गाव, आणि वर्धा नदी ओलांडली की अमरावती नाहीतर यवतमाळ जिल्हा. आमच्याकडे निम्म्या सुना नदीपलीकडच्या. सासूबाई अजून म्हणतात, "माह्यं माहेर वऱ्हाडात." आम्ही हसायचो. पण बाई बरोबर बोलतात! नदीच्या अलीकडे नागपूरकर भोसल्यांचा मुलूख, पलीकडे निजामाचा वऱ्हाड. तो 1853 साली इंग्रजांच्या ताब्यात गेला, तरी त्याचा कारभार वेगळाच राहिला. 1903 मध्ये तो मध्यप्रांताला जोडला, तेव्हा कुठे दोन्ही काठ एका कारभाराखाली आले.

आता जावेची गोष्ट. जातीचा दाखला बाईला वडिलांकडूनच मिळतो, सासरच्या कागदांवर नाही. लग्नाला वीस वर्षं झाली असली तरी पुरावे माहेरचेच लागतात. इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात, भटक्या विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा. अनुसूचित जाती-जमातींना 1950 सालातल्या तारखा आहेत. त्या तारखेला वडील-आजोबा कुठे राहत होते, त्यावर अर्ज कुठल्या कचेरीत करायचा हे ठरतं. जावेचं माहेर बाभुळगावकडचं. ती बाभुळगावच्या तहसिलीत गेली. पण आजोबांच्या काळी बाभुळगाव हा तालुकाच नव्हता! तो सगळा भाग यवतमाळ तालुक्यात. एका खिडकीवरून दुसरीकडे, दुसरीवरून तिसरीकडे. महिना गेला, आणि उमेदवारी अर्जाची तारीखही गेली.

आमच्या गावाचंच बघा ना. नाचणगाव आज देवळी तालुक्यात. पूर्वी वर्धा जिल्ह्यात तीनच तहसिली होत्या, वर्धा, हिंगणघाट आणि आर्वी. आज आठ तालुके आहेत. आणि 1862 च्या आधी वर्धा जिल्हाच नव्हता. हा सगळा भाग नागपूर जिल्ह्यात मोडायचा. नवीन जिल्ह्याचं ठाणं आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं, 1866 मध्ये ते पालकवाडीला नेलं. तेच आजचं वर्धा शहर. राज्याचं तर विचारूच नका. माझ्या सासऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर "सी. पी. अँड बेरार" आहे, त्यांच्या धाकट्या भावाच्या दाखल्यावर "मध्यप्रदेश". एकाच घरात, एकाच ओसरीवर वाढलेले भाऊ! 1956 च्या 1 नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. कागद दाखवल्यावर "तुमचे लोक मध्यप्रदेशचे का?" असं एकदा आम्हाला विचारलंही गेलं. घर मात्र तसूभरही हललेलं नाही.

सगळ्यात फसवं असतं ते जिल्ह्याचं नाव. जुन्या कागदावर "वणी जिल्हा" दिसला म्हणून एसटीत बसून वणीला जाऊ नका. 1905 पर्यंत यवतमाळ जिल्ह्यालाच वणी जिल्हा म्हणत, आणि ठाणं तेव्हाही यवतमाळलाच होतं. माहेर गडचिरोलीकडचं असेल तर 26 ऑगस्ट 1982 च्या आधीच्या कागदांवर चंद्रपूर, त्याहून जुन्यावर चांदा सापडेल. गोंदियाकडच्यांनी 1999 च्या आधीसाठी भंडारा शोधावा. मराठवाड्यातल्या मैत्रिणींच्या कागदांवर वर्षही फसली असतं. त्यात 590 मिळवा. 1340 फसली म्हणजे 1930-31.

कागदांची नावंही नदीच्या दोन काठांना निराळी. आमच्याकडे मालगुजारी होती, ती 31 मार्च 1951 ला गेली. म्हणून इकडे "मिसल बंदोबस्त" आणि "अधिकार अभिलेख" मागायचे, आणि गावाचा बंदोबस्त नंबर व पटवारी हलका विचारून ठेवायचा. वऱ्हाडात रयतवारी. तिथे तुम्ही मालगुजाराचे कागद मागितलेत तर कारकून तुमच्याकडे बघतच राहील.

तालुका फुटला की दप्तरं फुटतात, पण सगळी नाही. काही नव्या तहसिलीत येतात, काही जुन्याच रेकॉर्ड रूममध्ये राहतात. म्हणून "इथे नाही" असं उत्तर मिळालं की तिथेच विचारा, "हा तालुका होण्याआधी गाव कुठे होतं?" एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ हेलपाटे वाचतात.

जावेला शेवटी नोंद मिळाली ती कचेरीत नव्हे, शाळेत. तिच्या आजोबांच्या गावच्या प्राथमिक शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, पानं पिवळी पडलेली, पण नाव, वडिलांचं नाव, जात सगळं स्वच्छ वाचता येत होतं. शाळा काही जिल्ह्याबरोबर गाव सोडून जात नाही! त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचंही असंच. ते आडनाव आणि मूळ गाव विचारतात, जिल्हा नाही. तिथे घराण्याची नावं मिळतात. कचेरीत चालो न चालो, पणजीचं नाव तरी कळतं.

त्या दिवसापासून मी एक वही केली आहे. प्रत्येक पानावर एक माणूस. गाव, त्या वेळची तहसील, त्या वेळचा जिल्हा, आणि खाली आजचे. लेकीसुनांची पानं आधी भरली, कारण त्यांचेच कागद दोन घरांत विखुरलेले असतात. दाखल्यांच्या झेरॉक्स वहीत, मूळ कागद सुती कापडात गुंडाळून ट्रंकेत. प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका, दमट हवेत शाई चिकटते.

परवा सासूबाईंचं पान भरायला घेतलं. विचारलं, "आई, तुमचं गाव तेव्हा कुठल्या तालुक्यात होतं?"

"चांदूर," त्या म्हणाल्या, आणि क्षणभर थांबून, "आता धामणगाव म्हणतेत का व त्याले?"

मी दोन्ही लिहिले.