कुत्र्याचे वरचे नख : काढावे की ठेवावे?

वस्तीवरचा कुत्रा जवळ बोलवा आणि त्याचा पुढचा पाय हातात घ्या. जमिनीला टेकणारी चार बोटे दिसतील. आतल्या अंगाला, थोडे वर, पाचवे लहान बोट असते. त्याचे वाकडे नख जमिनीला टेकत नाही, म्हणून पुष्कळांना ते फुकटचे वाटते. पिल्लू घरी आणले की कुणीतरी जाणता सांगतोच, "हे नख काढून टाका, पुढे कुठेतरी अडकेल."

असा सल्ला एकदा मीही दिला होता. नोकरीची पहिली वर्षे होती. एका वस्तीवर चार महिन्यांचे चपळ पिल्लू होते. मालकाने विचारले, मी "काढले तरी चालेल" म्हणालो आणि पुढच्या गावाला निघालो. मालकाने मेंढ्यांच्या कातरीने घरीच दोन्ही नखे बोटासकट उडविली. दिवस पावसाळ्याचे. जखमेवर माशी बसली, अळ्या पडल्या. मी पुन्हा गेलो तेव्हा पिल्लू एक पाय वर धरून उभे होते. ते जगले, पण राखणीच्या कामाचे राहिले नाही. मालक मला एका शब्दाने बोलला नाही, त्याचेच अधिक वाईट वाटले. शेतीची पदवी घेतली म्हणजे कुत्र्याच्या पायातलेही कळते असे नाही, हे तेव्हा उमगले.

मग मी गुरांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांकडून नीट समजून घेतले. पुढच्या पायाचे हे बोट म्हणजे कुत्र्याचा अंगठा. त्याला हाड आहे, सांधा आहे, ते स्नायूंशी जोडलेले आहे. भरधाव पळताना कुत्रा एकदम वळतो, तेव्हा त्याचा पाय मनगटापर्यंत खाली दबतो आणि हे नख जमिनीत रुतून पायाला आधार देते. हाडूक धरून चघळतानाही ते कामी येते. म्हणून पुढचे निरोगी नख काढू नये.

मागच्या पायांची गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक कुत्र्यांना हे नख नसतेच. पुढे पाच-पाच, मागे चार-चार, अशी एकूण १८ नखे होतात. एखाद्याला मागेही असते, तो वीसनखी. वीसनखी कुत्रा राखणीला तिखट, असे आपल्याकडे म्हणतात. पण तिखटपणा नखांच्या संख्येवर नसतो, तो जातीवर आणि संगोपनावर असतो. जादा नख हा आनुवंशिक गुण आहे. फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या पिरेनीज डोंगरांतल्या, मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांना मागच्या प्रत्येक पायाला अशी दोन-दोन नखे असतात आणि ती त्या जातीची खूण म्हणून राखली जातात.

मागचे नख बोटांनी हलवून बघा. घट्ट असेल तर राहू द्या. नुसत्या कातडीने लोंबत असेल, तर ते काटेरी तारेत, बाभळीत, पऱ्हाटीच्या खुंटात अडकून फाटण्याचा धोका असतो. असे नख काढावे की नाही, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवा. काढायचे झाल्यास पिल्लू काही दिवसांचेच असताना सोपे जाते. मोठ्या कुत्र्याला भूल द्यावी लागते. पण कोणत्याही वयात हे काम पशुवैद्यकाचेच. घरी ब्लेड, विळा चालवू नये, दोरा बांधून नख सुकवू नये. जनावराचा अवयव क्रूरपणे छाटणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

नख ठेवले म्हणजे काम संपले असे नाही. ते जमिनीवर झिजत नाही, वाढून गोल वळते आणि मांसात रुतते. म्हणून महिन्यातून एकदा, बैलांना सुट्टी असते त्या अमावास्येला म्हणा, चारही पाय तपासा. नखाचे फक्त टोक कापा, आत रक्तवाहिनी असते. काळ्या नखात ती दिसत नाही, तेव्हा थोडे थोडेच कापा. रक्त आलेच तर स्वच्छ फडके पाच-दहा मिनिटे दाबून धरा.

नख फाटले तर आधी कापडाच्या पट्टीने कुत्र्याचे तोंड बांधा, मात्र नाक मोकळे ठेवा. वेदनेने तो मालकालाही चावतो. जखम स्वच्छ पाण्याने धुवा, फडके गुंडाळा आणि दवाखान्यात न्या. तिथे पोचताच तोंडाची पट्टी सोडा. डिझेल, चुना लावू नका. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या देऊ नका, त्या कुत्र्याला विषासारख्या बाधू शकतात. कुत्रा चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या.

आपण झोपतो तेव्हा हाच प्राणी खळे राखतो, गोठा राखतो. त्याचे पाय शाबूत ठेवणे आपल्याच हिताचे आहे. आणि माझ्यासारखा कुणी जाता जाता सल्ला देऊ लागला, तर त्याला आधी कुत्र्याचा पाय हातात घेऊन बघायला सांगा.